शेपटीवरचा दिवा मी बंद ठेवला होता

रत्नागिरीबाहेर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जी धावपट्टी आहे, तिच्या कडेला काही वर्षे विमान शिकवणारी एक छोटी संस्था होती. दोन लहान विमाने, एक पत्र्याची शेड, एक जुनी जीप आणि पाच-सहा माणसे. आता तिथे काही उरलेले नाही, शेडसुद्धा उतरवून नेली. मी तिथे मेकॅनिक होतो आणि मला सगळे मिस्त्री म्हणत. माझ्या हाताखाली एक हेल्पर होता. वयाने तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, पण हुद्द्याने खाली. त्याचे नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढे येईल.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका सकाळी आमच्या एका विमानाची बॅटरी मेलेली सापडली. ती कोणामुळे मेली, याचा एक कागद तेव्हा तयार झाला आणि त्यावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. त्या कागदात लिहिलेले खोटे आहे. ते खोटे आहे हे सही करताना मला माहीत होते. एवढे सांगण्यासाठी मी एकाहत्तराव्या वर्षी लिहायला बसलो आहे.

ज्यांनी लहान विमान जवळून पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मोटारीची किल्ली काढली की बहुतेक सगळे बंद होते. विमानात तसे नाही. तिथली किल्ली इंजिनाच्या ठिणगीची असते. बॅटरीचे बटण निराळे असते, लाल रंगाचे, त्याला मास्टर म्हणतात. शिकाऊ मुले इंजिन बंद करतात, किल्ली काढून खिशात घालतात, दार लावतात आणि सगळे झाले असे समजून चालू लागतात. मास्टर तसाच राहतो. तो आवाज करत नाही म्हटले तरी चालेल. काट्यांच्या एका उपकरणात बारीक गुणगुण होते, तेवढीच. रात्रभरात बॅटरी रिकामी होते. आमच्याकडे पहिल्याच वर्षात असे चार-पाच वेळा झाले. विमानाची बॅटरी चोवीस व्होल्टची आणि जीपची बारा, त्यामुळे वायर जोडून चालू करायची सोयही नव्हती. बॅटरी काढा, चार्जरला लावा आणि अख्खा दिवस वाट बघा. मुले चिडायची, मुख्य शिक्षक चिडायचे. ते निवृत्त वैमानिक होते, त्यांना आम्ही कॅप्टनसाहेब म्हणत असू. मी बटणाशेजारी चिठ्ठी चिकटवली, 'मास्टर बंद करा'. रत्नागिरीच्या दमट हवेत चिठ्ठी आठवडाभरात सोलून खाली पडे. दुसरी लावली. मुलांना तिची सवय झाली आणि ती दिसेनाशी झाली.

यावर उपाय हेल्परने काढला.

तो सावर्ड्याच्या आतल्या एका गावचा, बौद्ध कुटुंबातला. आठवडाभर आमच्या धावपट्टीजवळ खोली घेऊन राही आणि शनिवारी एसटीने घरी जाई. शिक्षण सातवीपर्यंत. विमान धुणे, चाकांत हवा भरणे, चाकांना लाकडी ठोकळे लावणे, आत बाहेर पुसणे ही त्याची कामे. चौथ्यांदा की पाचव्यांदा बॅटरी मेली तेव्हा कॅप्टनसाहेब सगळ्यांवर ओरडत होते. ते थांबल्यावर हा म्हणाला, "साहेब, ती शेपटीवरची लाल बत्ती चालूच का नाय ठेवत?"

"म्हणजे?"

"बत्तीचं बटण कायम चालू. हातच लावायचा नाय त्याला. मग मास्टर बंद केला की बत्ती आपोआप जाते. आन् मास्टर राहिला तर ती लुकलुकत राहील. जाताना माणूस मागं वळून बघंल की नाय? लांबून दिसंल."

विमानाच्या शेपटीवर लाल उघडझाप करणारा दिवा असतो, इंजिन चालू आहे हे इतरांना कळावे म्हणून. आम्ही त्याला बिकन म्हणायचो. कॅप्टनसाहेबांनी त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, "हे कुठे वाचलंस?"

तो हसला. "वाचतोय कुठला साहेब! आमच्या वाडीत बेडं असतं ना कुंपणाला. चिऱ्याच्या खांबाला भोकं, त्यातनं दांड्या सरकवायच्या. माझी आई वरच्या दांडीच्या टोकाला लाल चिंधी बांधायची. दांडी पुरी सरकली की चिंधी भोकात जायची. उघडी राह्यली की चिंधी बाहेर. शेतावर जाताना वळणावरनं एकदा मागं बघायचं. चिंधी दिसली तर माघारी, नायतर गुरं भाजी खाऊन मोकळी."

कॅप्टनसाहेब मोठ्याने हसले. मग माझ्याकडे वळून सगळ्या मुलांसमोर म्हणाले, "मिस्त्री, बत्तीस वर्षं विमानं उघडताय, तुम्हाला नाही सुचलं हे?"

मीही हसलो. पण ते वाक्य माझ्या मनात काट्यासारखे राहिले. हे आज मोकळेपणाने लिहितो, कारण पुढे जे झाले त्याचे मी स्वतःला दिलेले कारण वेगळे होते आणि खरे कारण त्या काट्यात होते.

त्या दिवसापासून नियम झाला, बिकनच्या बटणाला हात लावायचा नाही. बॅटरी मरायची थांबली. संध्याकाळी शेडमधून निघताना सगळे जण मागे वळून शेपटीकडे बघत. हेल्पर सगळ्यात शेवटी निघे आणि शेडच्या तोंडाशी हटकून थांबे. मुले चेष्टा करायची, "काका, चिंधी बघितलीत का?" तो म्हणायचा, "बघितली रे बाबांनो. तुमच्या भरवशावर राह्यलो तर विमानाला बैल जोडाया लागतील."

बिकनचा बल्ब नाजूक. विमानाच्या थरथरीने जाई. मुंबईहून नवा यायला तीन आठवडे लागत, आणि बिकन पेटत नसेल तर विमान उडवता येत नाही. त्या पावसाळ्यात दोन बल्ब गेले. म्हणून मी जमिनीवर काम करताना बिकनचे बटण बंद करू लागलो. काम झाले की परत चालू करायचे, असे मनाशी ठरवले होते. कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तर हेल्पर म्हणाला असता, "मिस्त्री, मग नियमाला अर्थ काय?" आणि त्याचे बरोबर असते. बल्ब वाचवणे हे खरे होते. पण त्याचा नियम मोडताना मला बरे वाटत होते, हेही खरे होते. मी मेकॅनिक आहे, कुंपणाच्या चिंधीवर माझे काम चालणार नाही, असे काहीतरी.

परतीचा पाऊस चालू होता. दुसऱ्या दिवशी मुंबईहून परीक्षक येणार होते, एका मुलाची उड्डाणाची परीक्षा होती. दुपारी मी विमान तपासायला घेतले. पंखांमागच्या झडपा खाली आणल्या, त्यांच्या रुळांवर खारी हवा बसते म्हणून तेल घातले. झडपा विजेवर चालतात, म्हणजे मास्टर चालू करावा लागतो. मी तो केला. बिकन बंद केला. काम झाले, झडपा वर घेतल्या. तेवढ्यात फाटकावरच्या वॉचमनने हाक मारली, "मिस्त्री, बांगडे आलेत! ताजे आहेत, संपतील!"

मी फडक्याला हात पुसले आणि गेलो.

इतकेच कारण आहे. घरून कोणी आजारी असल्याचा फोन नव्हता, कसले संकट नव्हते. बांगडे होते. मासेवालीशी मी दहा मिनिटे घासाघीस केली, पिशवी घेतली, पाऊस वाढला म्हणून वॉचमनच्या छपराखाली उभा राहिलो. शेडमध्ये परत गेलोच नाही. तिथूनच घरी जायचे ठरवले.

माझ्यामागे हेल्परने विमान आतून पुसले. पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू आले नसते, मग उपकरणाची गुणगुण कुठून ऐकू येणार? त्याने दार लावले, ठोकळे तपासले. मी फाटकावरून पाहत होतो. शेडच्या तोंडाशी तो थांबला, मागे वळला, शेपटीकडे पाहिले. दिवा नव्हता. त्याने छत्री उघडली आणि माझ्याकडे आला.

"घेतलेत बांगडे?" त्याने पिशवीत डोकावून विचारले.

"घेतले. तुला हवेत का दोन?"

"नको. मी एकटा, कुठं करत बसू? वहिनींस्नी सांगा, तिखलं करा. डबा आणा उद्या."

"आणतो की," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी डबा नेला होता. तो कोणी खाल्ला नाही.

सकाळी परीक्षक शेडबाहेर खुर्चीत बसले होते. कॅप्टनसाहेब विमानात चढले आणि लगेच डोके बाहेर काढून ओरडले, "मास्टर ऑन आहे! रात्रभर ऑन आहे!" त्यांनी तो खालीवर केला. काटे हलले नाहीत. मग त्यांचे लक्ष दुसऱ्या बटणाकडे गेले. "आणि बिकन कोणी बंद केला?"

मी विमानाच्या नाकापाशी उभा होतो, हातात तेलाचा डबा होता. मला त्याच क्षणी सगळे आठवले. कसलीही शंका नव्हती. माझे तोंड उघडले असते तर दोन शब्दांत संपले असते.

"काल शेवटी आत कोण होतं?" कॅप्टनसाहेबांनी विचारले.

"मी साहेब," हेल्पर म्हणाला.

"मग?"

तो गोंधळला. त्याने माझ्याकडे पाहिले. संशयाने नाही, एखादी गोष्ट आठवत नसली की आपण जवळच्या माणसाकडे बघतो, तसे. मी तेलाच्या डब्याचे झाकण घट्ट करू लागलो.

"पुसताना हात लागला आसंल साहेब," तो म्हणाला. "फडकं जोरात फिरवतो मी. दोन्ही बटणं जवळजवळ हायत. मीच केलं आसंल."

असे त्याने स्वतःच कारण शोधले. माझ्या गप्प बसण्याला जे कारण लागत होते, ते त्याने मला आणून दिले.

एक शिकाऊ मुलगा हळूच दुसऱ्याला म्हणाला, "ह्यांना फडकं मारायलाच ठेवलंय, बटणांचं काय कळणार!" 'ह्यांना' म्हणजे कोणाला, ते तिथल्या प्रत्येकाला कळले. हेल्परलाही कळले. एरवी मी त्या पोराला झापले असते. त्या दिवशी ते बोलणे मला सोयीचे होते. मी ऐकले नाही असे दाखवले.

दुसरे विमान इंजिन उतरवून दुरुस्तीला ठेवले होते. परीक्षक घड्याळ बघत होते. त्यांना दुपारी परत निघायचे होते आणि पुन्हा कधी येतील याची खात्री नव्हती. कॅप्टनसाहेब म्हणाले, "हाताने फिरवू." जुन्या काळी विमानाच्या नाकावरचा पंखा हाताने फिरवून इंजिन चालू करत. ते धोक्याचे काम आहे, आम्ही वर्षाकाठी एखाद्या वेळी करत असू, आणि ते नेहमी मीच करत असे. हेल्परला मी शिकवले होते, पण त्याने एकदाच केले होते.

"चला मिस्त्री," कॅप्टनसाहेब म्हणाले.

त्या क्षणी सगळ्यांसमोर पुढे व्हायचे मला नको होते. तेलाचा डबा दुसऱ्या हातात घेऊन मी म्हणालो, "माझा खांदा धरलाय साहेब."

"मी करतो," हेल्पर लगेच पुढे झाला. "माझ्यामुळं झालंय, मीच करतो."

दोनदा पंखा फिरला, इंजिन लागले नाही. तिसऱ्या वेळी इंजिनाने उलटा झटका दिला. पाते मागे फिरले आणि त्याच्या उजव्या मनगटावर बसले. आवाज फार मोठा झाला नाही. तो खाली बसला, हात पोटाशी धरला आणि म्हणाला, "काय नाय, काय नाय." मनगट मोडले होते. जीपमधून मी त्याला दवाखान्यात नेले. सबंध वाटेत तो एकच बोलत होता, "त्या पोराची परीक्षा बुडाली ओ मिस्त्री. माझ्यामुळं बुडाली."

मी म्हणालो, "तू आता बोलू नको. हात वर धर."

जीपमध्ये आम्ही दोघेच होतो. ही पहिली संधी होती. अशा आणखी चार तरी मोजता येतील.

दुसरी संधी कागदाच्या वेळी आली. अपघात झाला म्हणजे कागद करावा लागतो. संस्थेच्या कार्यालयात तो टाइप झाला: हेल्परच्या निष्काळजीपणामुळे मास्टर स्विच चालू राहिला, पंखा फिरवण्यास तो स्वतःहून पुढे आला. खाली साक्षीदाराची जागा. मी वाचले आणि सही केली. हेल्परनेही डाव्या हाताने सही केली. उजवा प्लास्टरमध्ये होता. सही वाकडी आली म्हणून तो ओशाळला आणि कारकुनाला म्हणाला, "चालंल ना अशी?" महिन्याभराने त्याला कामावरून काढले. मनगट पुढे कधीच नीट वळले नाही.

मी त्यानंतर काय केले, तेही लिहिले पाहिजे. मी नियमांचा कहर केला. बिकनच्या बटणावर टोपण बसवले, कोणालाच ते बंद करता येऊ नये म्हणून. मास्टर बंद केल्यावर विमानाच्या सुकाणूच्या दांडीवर लाल पट्टी लटकवायची आणि किल्लीसोबत पट्टीचा बिल्ला कार्यालयात जमा करायचा, अशी पद्धत घातली. संध्याकाळी मी स्वतः दोनदा फेरी मारी. पुढे शेड बंद होईपर्यंत एकदाही बॅटरी मेली नाही. दुसऱ्या एका संस्थेतले लोक पद्धत बघायला आले. त्यांनी विचारले, "ही बिकनची युक्ती कोणाची?" कॅप्टनसाहेब तोवर सोडून गेले होते, मुले बदलली होती. मी म्हणालो, "अनुभवाने सुचलं." त्यांनी ते लिहून घेतले.

चोरी दोनदा झाली. आधी त्याचे निर्दोषपण, मग त्याची युक्ती.

चार-पाच वर्षांनी तो मला रत्नागिरीच्या बाजारात भेटला. कसल्याशा दाखल्यासाठी आला होता. केस पांढरे झाले होते, उजवा हात खिशात. मला बघून आनंदला.

"मिस्त्री! बिकन चालू ठेवता ना अजून?"

"ठेवतो."

"ठेवा बावा. माझ्यासारखा इसरभोळा परत एखादा मिळायचा तुम्हाला."

आम्ही चहा घेतला. तो डाव्या हाताने कप धरत होता. मी विचारले, सध्या काय करतोस. म्हणाला, थोडी भातशेती, थोडे काजू. मग स्वतःहून सांगितले, "ग्रामपंचायतीनं नळपाणी योजनेचा पंप चालवायला विचारलं होतं. कायमचं काम होतं. सकाळी चालू करायचा, टाकी भरली की बंद करायचा."

"मग?"

"नको म्हटलं. बटणाचं काम माझ्याच्यानं व्हायचं नाय. इसरलो आन् मोटर जळली तर सगळं गाव पाण्यावाचून. एकदा झालं तेवढं बास."

माझ्या आयुष्यात मी पाहिलेला हा सर्वात लक्ष देणारा माणूस. चाकाचा ठोकळा चार बोटे सरकलेला असला तरी त्याला दिसायचा. आणि तो मला सांगत होता की त्याचा स्वतःवर भरवसा नाही. त्याला तो भरवसा परत द्यायला माझे एक वाक्य पुरले असते. तेव्हा मला नोकरीची भीती उरली नव्हती. निवृत्तीला वर्ष होते. भीती कसली होती? त्याचा चेहरा बदलेल याची. त्याच्या मनात मी चांगला माणूस होतो आणि मला ते हवे होते.

"चहाचे मी देतो," एवढे मी बोललो.

गेल्या वर्षी तो वारला. मला ते सहा महिन्यांनी कळले, आमच्या जुन्या वॉचमनकडून. "झोपेतच गेला म्हणे," वॉचमन म्हणाला. "चांगलं मरण आलं." मी दोन आठवडे काहीच केले नाही. मग एसटी पकडून सावर्ड्याला उतरलो, तिथून रिक्षाने त्याच्या वाडीत गेलो.

त्याची बायको पडवीत काजूबिया निवडत होती. मला पूर्वी एकदाच भेटली होती, पण ओळखले. "या भाऊजी. इतक्या उशिरानं आलात." तिच्या म्हणण्यात टोमणा नव्हता, ती अंत्यविधीबद्दल बोलत होती. आत भिंतीशी बुद्धाची लहान मूर्ती आणि शेजारी त्याचा फोटो होता. तिने पाणी दिले, चहा ठेवला. मग त्याच्याबद्दल बोलू लागली, आणि हसत हसत बोलू लागली, कारण तिला वाटले मला ते ऐकायला आवडेल.

"तुमच्या विमानानं लय वेड लावलं बघा त्यांना. दार लावलं की तीनदा बघायचे. गॅस बंद केला की मला हाक, 'जरा बघ गं, बंद हाय ना?' मी म्हणायचे, ते विमान न्हाय ओ, शेगडी हाय! बाजाराला निघालो तर अर्ध्या वाटेतनं माघारी. मी ओरडायचे, 'एक विमान बंद पाडलंत, आता आमची एसटी चुकवा.' पोरगी पण हसायची. सगळी वाडी हसायची. त्यांना विमानवाले म्हणायचे ओ."

मी कप खाली ठेवला आणि सांगितले. जसे झाले तसे. झडपा, बिकन, बांगडे, गप्प बसणे, सही. फार वेळ लागला नाही. पंधरा वर्षे जे बोललो नाही ते पाच मिनिटांत संपले.

ती सुपातल्या बिया हाताने एकसारख्या करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ते इसरले न्हवते."

"नाही. ते काहीच विसरले नव्हते. त्यांनी जाताना मागे वळून बघितलंसुद्धा होतं. मीच दिवा बंद ठेवला होता."

"आन् तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"तेव्हापासनं."

"हो."

तिने सूप बाजूला सारले. मला वाटले ती मला शिव्या देईल, मी त्यासाठी तयार होतो, खरे म्हणजे त्यासाठीच आलो होतो. पण ती म्हणाली, "मी हसायचे ओ त्यांना. रोज हसायचे." आणि पदर तोंडाला लावला.

याचा मी कधी विचार केला नव्हता. मी समजत होतो की माझे पाप मी तिथे नेऊन ठेवीन आणि हलका होऊन परत येईन. ते मी तिच्या पदरात टाकले. तिची सगळी चेष्टा, संसारातली साधी, मायेची चेष्टा, मी पाच मिनिटांत नासवली. आता तिला प्रत्येक वाक्य आठवणार होते. मी माफी मागितली. ती सूप पुन्हा पुढे ओढून बिया निवडू लागली.

निवडता निवडता ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग भाऊजी? मी कुणाकुणाला सांगत फिरू? तो कागद हाय ना कुठंतरी?"

"असेल. संस्था बंद झाली. कुठे असेल माहीत नाही."

"मग दुसरा करा. लिहा. चार लोक वाचतील असं लिहा. पण त्यांचं नाव घालू नका. तुमच्या लिखाणात त्यांचं नाव नको मला. वाडीला कळंल कुणाबद्दल हाय ते. विमानवाला एकच होता."

मी निघालो तेव्हा ती बाहेर आली नाही.

त्यांची मुलगी चिपळूण तालुक्यात शिक्षिका आहे. मी हे लिहून आधी तिला पाठवले, कारण तिच्या परवानगीशिवाय छापायला देणे बरे नव्हते. तीन दिवसांनी तिचा फोन आला. आवाज शांत होता, वर्गातल्यासारखा.

"काका, वाचलं. तीन ठिकाणी बदल हवेत."

"सांग."

"तुम्ही लिहिलंय, 'पुढे त्यांनी नोकरी सोडली.' बाबांनी सोडली नाही. त्यांना काढलं."

"बरोबर. बदलतो."

"दुसरं. 'आमच्याकडून चूक झाली' असं एका जागी आहे. आमच्याकडून म्हणजे कोणाकडून?"

मी माझ्याकडच्या कागदावर ते वाक्य शोधले. मग म्हणालो, "ते वाक्यच काढतो."

"तिसरं, मनगटाचं. 'किरकोळ दुखापत' असं आहे. बाबांना त्या हाताने शेवटपर्यंत भात कालवता येत नव्हता. चमच्याने जेवायचे. पाहुणे आले की नंतर जेवतो म्हणायचे."

हे मला माहीत नव्हते. बाजारात त्या दिवशी त्याने चहासोबत काहीच खायला घेतले नव्हते. मी आग्रह केला तेव्हा पोट भरलेय म्हणाला होता.

तिन्ही बदल मी केले आहेत. वर जे आहे ते बदलानंतरचे आहे. तिने आणखी काही विचारले नाही, दोषही दिला नाही. रविवारी आईकडे जाणार आहे आणि तिथे शेजारच्या चार घरांतली माणसे बोलावून हे वाचून दाखवणार आहे, असे म्हणाली. मी विचारले, मी येऊ का.

"नको काका," ती म्हणाली. "वाचायला मी आहे."

मी बरे म्हटले.